अँटिबायोटिकनंतर प्रोबायोटिक पदार्थ सगळे एकदम सुरू करू का?

तुम्ही विचारलंय की अँटिबायोटिकचा कोर्स संपून तीन आठवडे झाले तरी पोट फुगतं, कधी साफ होतं कधी नाही, तर दही, केफिर (दूध आंबवून केलेलं पेय), किमची (कोरियन पद्धतीचा आंबवलेला कोबी), कोम्बुचा (आंबवलेला चहा) असे प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला उपयोगी जिवंत जिवाणू असलेले पदार्थ सगळे एकदम सुरू करू का. एकदम नको. मी तेच केलं होतं. दाढेसाठी घेतलेल्या गोळ्यांनंतर माझंही पोट असंच झालेलं आणि मी एकाच आठवड्यात सकाळी केफिर, दुपारी दही, रात्री वाटीभर किमची असं चालू केलं, चौथ्या दिवशी पोट टम्म, आणि नेमकं कशाने झालं तेच कळेना म्हणून सगळंच बंद करावं लागलं. दुसऱ्यांदा फक्त दही घेतलं, तेही जेवणासोबत दोन-तीन चमचे, पाच-सहा दिवसांनी अर्धी वाटी, मग वाटीभर. तसं जमलं. सुरुवातीला थोडा गॅस होतो, त्याला घाबरू नका, वाढतच गेला तर मात्र प्रमाण कमी करा.

दह्यापासून सुरू करा म्हणतोय कारण दह्यातले जिवाणू दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवायला मदत करतात, त्यामुळे ज्यांना दूध बाधतं त्यातल्या बऱ्याच जणांना दही चालतं. फक्त ते जिवाणू जिवंत पोटात जायला हवेत. दही उकळत्या भाजीत घातलं की चव राहते, जिवाणू मरतात. विकतच्या डब्यावर लाइव्ह कल्चर किंवा जिवंत कल्चर असं लिहिलंय का बघा, काही प्रकार विरजल्यावर पुन्हा गरम केलेले असतात. आणि व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या भाज्या आंबट लागतात म्हणून त्या आंबवलेल्या असतील असं समजू नका, तो आंबटपणा बाटलीतून आलेला असतो.

दही अंगवळणी पडलं की कोबी आंबवून बघा, मला यातच सगळ्यात जास्त आनंद मिळाला. १ किलो कोबी बारीक चिरायचा, २० ग्रॅम मीठ लावून हाताने चांगला चुरायचा, दहा मिनिटांत इतकं पाणी सुटतं की वरून एक थेंब घालावा लागत नाही. बरणीत दाबून भरायचा, कोबी त्या पाण्याखालीच राहिला पाहिजे, वर आला की बुरशी धरते. झाकण अगदी घट्ट लावू नका, गॅसला वाट हवी. दोन-तीन दिवसांत कडेने बारीक बुडबुडे चढताना दिसतात आणि वास हळूहळू आंबट होत जातो. चव आवडली की फ्रीजमध्ये. त्यात मीठ बरंच असतं, म्हणून बीपी असेल तर एक-दोन चमच्यांवरच थांबा.

आता एक गोष्ट जी कोणी नीट सांगत नाही. हे बाहेरून आलेले जिवाणू बहुतेक वेळा आतड्यात कायमचे राहत नाहीत, येतात, काम करतात आणि निघून जातात, म्हणून महिन्यातून एकदा मोठा वाडगा खाण्यापेक्षा रोज थोडं खाल्लेलं बरं. आणि आपले स्वतःचे जे आत आहेत त्यांना खायला फायबर लागतं, म्हणजे डाळी, कांदा, लसूण, ओट्स, फळं, भाज्या. नुसतं दही खाऊन बाकी जेवण मैद्याचं असेल तर फार हाती लागत नाही, हे मी कळकळीने सांगतोय.

फायदा खरंच होतो का, तर २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ३६ निरोगी लोकांवर अभ्यास केला, १० आठवडे एका गटाने आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि शरीरातली सूज दाखवणारी रक्तातली १९ प्रथिनं कमी झाली. अभ्यास छोटा आहे, शिवाय त्यातले लोक आजारी नव्हते, त्यामुळे यावरून कुठला रोग बरा होतो असं म्हणता येणार नाही. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलचं मात्र मी म्हणेन की स्वतःच्या मनाने घेऊ नका, प्रत्येक स्ट्रेनचं, म्हणजे जिवाणूच्या उपप्रकाराचं, काम वेगळं असतं. केमो चालू असेल किंवा प्रतिकारशक्ती खूप कमी असेल तर हे घरी आंबवलेले पदार्थसुद्धा डॉक्टरांना विचारूनच.

तुमच्या बाबतीत अजून एक. अँटिबायोटिकनंतर दिवसातून तीन किंवा जास्त वेळा पातळ जुलाब, ताप, पोटात कळा किंवा शौचात रक्त असलं काही असेल तर दही-बिही बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टरकडे जा, कारण सी. डिफिसाइल नावाचं इन्फेक्शन कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही होऊ शकतं आणि त्याला वेगळे उपचार लागतात. तसं काही नसेल तर उद्या दुपारच्या जेवणात दोन चमचे दही घ्या. दूध पचतं का तेही कळवा, त्यावरून केफिर कधी सुरू करायचं ते सांगतो.