कुत्र्याचं पिल्लू आणलंस, आता लसीचं बघ
पिल्लू दीड महिन्याचं झालं ना? मग पार्वो आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगांवरच्या एकत्रित लसीचा पहिला डोस आताच दे. पुढचे 3-4 आठवड्यांच्या अंतरानं, चार महिन्यांचं होईपर्यंत. एका डोसावर मी थांबलो होतो, पार्वोनं पिल्लू गेलं माझं. रेबीजची लस 3 महिन्यांनंतर. जंताचं औषध वजन करूनच.

खानापूरकडचा पाऊस तुला ठाऊकच आहे. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा रोग) पसरतो, माणसालाही होतो. त्याच्या लसीचं डॉक्टरांना विचार. पाऊस उघडला की गोचिड्या, कानात आणि बोटांच्या बेचक्यांत चाचपून बघ. पण कुत्र्याचं गोचिडीचं औषध घरच्या मांजरीला लावू नकोस बाबा, त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर तिला ते विषच. पॅरासिटामॉलही तसंच, अर्ध्या गोळीनंही मांजर दगावू शकतं.