प्रश्न तुमचे : कॅमेरा तपासणारा चिमुकला डिस्प्ले

प्रश्न : कॅमेऱ्याची शार्पनेस तपासायला २०० मिमी कॉलिमेटरच्या (दूरच्या वस्तूसारखे समांतर किरण देणाऱ्या लेन्सच्या) फोकसवर मायक्रो-ओएलईडी (स्वतः उजळणाऱ्या बारीक पिक्सेलांचा) डिस्प्ले बसवला आहे. फोटोत आडवे पट्टे येतात आणि बारीक रेघांवर जाळी दिसते. प्रखरता वाढवली तर चित्र हळूहळू मंदावते. काय चुकते आहे?

उत्तर : तीन वेगळे दोष आहेत.

पट्टे पीडब्ल्यूएममुळे येतात, म्हणजे बरेच पॅनेल उजेड कमी करण्यासाठी पिक्सेल झपाट्याने चालू-बंद करतात आणि कॅमेऱ्याचे रोलिंग शटर (जे सेन्सर एकेक ओळ करून वाचते) ओळीगणिक वेगळा क्षण टिपते. डिस्प्लेसमोर फोटोडायोड (उजेड मोजणारा सेन्सर) धरून ऑसिलोस्कोपवर वारंवारता बघा. ती २४० हर्ट्झ असेल तर १/२४० किंवा १/१२० सेकंदाला पट्टे जातील. १/१००० ला राहणारच. छोटे एक्सपोजर हवेच असेल तर डीसी ड्राइव्हचे (चालू-बंद न होता सलग उजळणारे) पॅनेल घ्या आणि उजेड एनडी फिल्टरने (सर्व रंग सारखेच मंद करणाऱ्या करड्या काचेने) कमी करा. ०.३ चा फिल्टर उजेड निम्मा करतो. तो कॉलिमेटरनंतर, समांतर किरणांत, किंचित तिरका लावा. डिस्प्लेजवळ तिरका लावलात तर ॲस्टिग्मॅटिझम (आडव्या-उभ्या रेघा एकाच वेळी फोकस न होणे) येईल आणि तुम्ही दोष कॅमेऱ्याच्या लेन्सला द्याल.

जाळी म्हणजे मोआरे, डिस्प्ले आणि सेन्सर यांच्या पिक्सेलांच्या जाळ्या एकमेकींवर पडून उमटणारी नक्षी. डिस्प्लेचा पिक्सेल ८ मायक्रॉन आणि कॅमेऱ्याची लेन्स २५ मिमी धरली, तर प्रतिमा आठपट लहान होऊन सेन्सरवर एक पिक्सेल १ मायक्रॉनचा पडतो. सेन्सरचा पिक्सेल ४ मायक्रॉनचा असेल तर एकात चार मावतात, जाळी दिसत नाही. पण लेन्स १०० मिमीची लावली की दोन्ही पिक्सेल बरोबरीचे होतात आणि जाळी उमटते. तेव्हा कॉलिमेटर लांब फोकसचा हवा. मात्र डिस्प्ले १५ मिमी रुंद असेल तर २०० मिमीवर तो जेमतेम सव्वाचार अंश व्यापतो. फ्रेमचे कोपरे तपासायला कॅमेरा फिरवावाच लागेल. शार्पनेससाठी एकरंगी पॅनेलच बरे, रंगीत पॅनेलच्या सबपिक्सेलमुळे (पिक्सेलमधल्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांमुळे) कडांना रंग चढतो.

मंदावण्यामागे उष्णता आणि झीज दोन्ही असतात. ओएलईडीवर तेच चित्र तासन्‌तास ठेवले तर त्याचा ठसा कायमचा राहतो. खूप प्रखरता लागत असेल तर मायक्रो-एलईडी पाहा. पाठीला थर्मल पेस्ट लावून ॲल्युमिनियमची पट्टी बसवा, अर्धा तास तापू द्या आणि बाजूच्या फोटोडायोडवर वाचन स्थिरावले की मगच फोटो घ्या.

डायनॅमिक रेंजही (कॅमेरा टिपू शकतो ती अंधार ते उजेडाची व्याप्ती) मोजणार असाल तर ० ते २५५ पैकी १२८ ही करडी पातळी निम्मा उजेड समजू नका, २.२ गॅमाला (पातळी आणि उजेड यांच्या नात्याचा घातांक) ती पूर्ण उजेडाच्या जेमतेम २२ टक्के भरते. प्रत्येक पातळी मीटरने मोजूनच तक्ता करा.