मोनॅको स्वतंत्र कसा राहिला?

प्रश्न : फ्रान्सने तीन बाजूंनी वेढलेला, जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा मोनॅको त्या देशात विलीन कसा झाला नाही?

उत्तर : काही काळ तो विलीन झालाही होता. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये फ्रान्सने मोनॅको सरळ ताब्यात घेतला आणि १८१४ मध्ये, नेपोलियनच्या पाडावानंतरच, ग्रिमाल्डी घराण्याला गादी परत मिळाली. एरवी मात्र या घराण्याने कोणाच्या छत्राखाली राहायचे हे फार हिशेबाने ठरवले. १५२४ पासून स्पेनच्या संरक्षणाखाली असलेल्या मोनॅकोत स्पॅनिश शिबंदी होती. स्पेनचे दिवस फिरल्याचे ओळखून दुसऱ्या ओनोरेने १६४१ मध्ये फ्रान्सशी करार केला आणि ती शिबंदी हुसकून लावली.

अशी चतुराई या घराण्याच्या रक्तातच असावी. परंपरा सांगते की जिनोआतून परागंदा झालेला फ्रान्स्वा ग्रिमाल्डी ८ जानेवारी १२९७ च्या रात्री फ्रान्सिस्कन साधूच्या वेषात किल्ल्याच्या दारी आला आणि आत घेताच त्याने झग्याखालची तलवार उपसली. हा कबजा चार वर्षांतच सुटला, तरी मोनॅकोच्या राजचिन्हावर तलवारधारी साधूंची जोडी आजही आहे. विश्वासघात इतक्या अभिमानाने मिरवणारी राजघराणी विरळाच.

खरी कसोटी लागली ती १८४८ मध्ये. करांना कंटाळून मांतों आणि रोकब्रून ही गावे फुटून निघाली आणि त्यांच्याबरोबर राज्याचा बहुतेक मुलूख व लिंबू-ऑलिव्हच्या बागांचे उत्पन्नही गेले. १८६१ मध्ये तिसऱ्या शार्लने या गावांवरील हक्क सुमारे ४० लाख फ्रँकना फ्रान्सला सोडून दिला आणि त्या बदल्यात उरलेल्या खडकाच्या सार्वभौमत्वाला मान्यता मिळवली. पोटापाण्यासाठी मग जुगारगृह आले. १८६३ मध्ये त्याचा मक्ता फ्रान्स्वा ब्लाँ या उद्योजकाला दिला गेला, १८६८ मध्ये रेल्वे पोहोचली आणि पुढच्याच वर्षी प्रजेवरील प्रत्यक्ष कर रद्द झाले. त्या जुगारगृहात खेळण्यास मोनॅकोच्या नागरिकांना मात्र मनाई आहे.

करमाफीने फ्रेंच धनिकही तेथे येऊ लागले, तेव्हा १९६२ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी सीमेवर जकात तपासणी बसवली. परिणामी १९६३ च्या करारानुसार मोनॅकोत राहणाऱ्या बहुतेक फ्रेंच नागरिकांना फ्रान्सचा प्राप्तिकर भरावा लागतो.