बारा वर्षं विंडोज सर्व्हर सांभाळल्यावर लिनक्स शिकायचं, तर खरंच पाटी कोरी करावी लागते का?

तुमचा प्रश्न वाचला. बारा वर्षं अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (कंपनीतल्या युजरची खाती आणि हक्क सांभाळणारी विंडोजची यंत्रणा), फाइल सर्व्हर, बॅकअप सांभाळलंत, आता कंपनीत लिनक्सचे सर्व्हर येतायत आणि कुणीतरी तुम्हाला सांगितलंय की आधीचं सगळं विसरा, पाटी कोरी करून बसा. हे खरं का, कुठलं डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा कुठला प्रकार, घ्यावं, सर्टिफिकेट करावं का आणि किती महिने लागतील, असं तुम्ही विचारलंय.

पाटी कोरी करण्याचा सल्ला साफ चुकीचा आहे. हेच वाक्य मला भर मीटिंगमध्ये ऐकवलं गेलंय, म्हणून इतकं लिहायला बसलोय.

चाकणजवळच्या एका कारखान्यात मी आयटी बघत होतो. डोमेन, प्रिंटर, बॅकअप, सगळं माझ्याकडे. डिस्पॅचचं सॉफ्टवेअर मात्र लिनक्सवर होतं आणि त्याचं कंत्राट बाहेरच्या पार्टीकडे. त्यांचा इंजिनिअर हुशार होता, कमांड तोंडपाठ. पण मी त्या सर्व्हरचा अ‍ॅक्सेस मागितला तेव्हा आमच्या मॅनेजरसमोर म्हणाला, “सर, विंडोजवाल्यांना लिनक्स नका देऊ, त्यांना माउस लागतो. शिकायचं तर पाटी कोरी करून यावं लागतं.” मॅनेजर हसले आणि विषय तिथेच संपला. पुढे ऑडिटमध्ये मुद्दा निघाला की सर्व्हरवर कंपनीच्या एकाही माणसाचा ताबा नाही, तेव्हा कुठे मला सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे हक्क, मिळालं. तोवर मी विंडोजच्या हायपर-व्हीवर एक व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, उभं करून रात्री शिकत होतो.

मग एका महिनाअखेरीला, सेकंड शिफ्टमध्ये, डिस्पॅचची लेबलं छापणं बंद पडलं. माल भरलेल्या गाड्या गेटवर उभ्या आणि लेबल नाही म्हणून एकही पेटी बाहेर जाईना. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस. डिस्क किती भरली ते दाखवणारं ‘डीएफ’ मारलं तर /व्हार, म्हणजे लॉग वगैरे राहतात तो भाग, शंभर टक्के भरलेलं. त्याच फोल्डरवर फाइलींचे आकार मोजणारं ‘डीयू’ मारलं तर सगळ्या फाइलींची बेरीज डिस्कच्या पाव भागाएवढीसुद्धा नाही. इंजिनिअरला फोन लावला. तो म्हणाला, “रिबूट मारा.”

रिबूटने जागा मोकळी झाली असती, यात वाद नाही. पण चालू शिफ्टच्या अर्धवट नोंदी लटकल्या असत्या आणि मूळ कारण तसंच राहिलं असतं. मी रिबूट केलं नाही. डिस्क भरलेली दिसतेय आणि फाइली दिसत नाहीत, म्हणजे कुणीतरी काहीतरी धरून ठेवलंय, हे मला लगेच जाणवलं. कारण विंडोजवर आयुष्यभर हेच केलं होतं. फाइल डिलीट होत नाही, ‘वापरात आहे’ असा मेसेज येतो, मग प्रोसेस एक्सप्लोररमध्ये हँडल शोधायचं, कुणी धरलीय ते बघायचं. लिनक्समध्ये फरक एवढाच की उघडी असलेली फाइलसुद्धा ‘आरएम’ या डिलीटच्या कमांडने विनातक्रार उडते. उडतं ते फक्त नाव. ज्या प्रोग्रामने ती उघडलेली असते तो ती बंद करेपर्यंत डिस्कवरची जागा सुटत नाही.

‘एलएसओएफ +एल१’ मारलं, म्हणजे नाव उडालेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाइलींची यादी काढली. पहिल्याच ओळीत डिस्पॅचच्या प्रोग्रामचा लॉग, पुढे कंसात ‘डिलीटेड’, आणि आकार कित्येक जीबी. त्याच पार्टीने क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीत, टाकलेली स्क्रिप्ट रोज रात्री तो लॉग ‘आरएम’ करत होती आणि प्रोग्राम त्या बेनाव फाइलीत बिनधास्त लिहीतच होता. मी /प्रॉकमध्ये, जिथे चालू प्रोग्रामची माहिती फाइलींसारखी दिसते, त्या प्रोसेसच्या उघड्या फाइलींच्या ‘एफडी’ फोल्डरमधून त्या फाइलीची लांबी शून्य केली. डीएफचा आकडा त्याच क्षणी खाली आला, प्रोग्राम बंद न करता लेबलं छापायला लागली. दुसऱ्या दिवशी स्क्रिप्ट काढून जुने लॉग आवरणारं लॉगरोटेट लावलं, ‘कॉपीट्रंकेट’सह (लॉगची कॉपी काढून मूळ फाइल जागीच रिकामी करायची), आणि दोन्ही कमांडचं आउटपुट जोडून मॅनेजरना मेल केला.

त्या मीटिंगमध्ये मी गप्प बसलो होतो. तेव्हाचं उत्तर आज तुमच्या निमित्ताने देतो. ती रात्र निभावली ती विंडोजवरच्या अनुभवाने. कमांड मला मॅन्युअलच्या पानावरही सापडली असती, पण ‘कुणी धरलंय’ हा प्रश्न कुठल्या पानावर सापडणार होता? नावावरून पत्ता शोधणारा डीएनएस तोच, मशीनना पत्ते वाटणारा डीएचसीपी तोच. कर्बेरॉसला, म्हणजे लॉगिन तपासणाऱ्या यंत्रणेला, घड्याळातला पाच मिनिटांहून जास्त फरक इथेही चालत नाही, त्यामुळे लॉगिन अडलं की तुम्ही सवयीने आधी वेळ तपासाल आणि तिथे नुसत्या कमांड पाठ केलेला मुलगा तासभर पासवर्ड बदलत बसेल. बॅकअप रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय बॅकअप नसतो, हे तुम्हाला कुणी शिकवायला नको.

अडाल ते वेगळ्याच ठिकाणी. फाइलीला वाचायची परवानगी आहे, तरी ‘परमिशन डिनाइड’. विंडोजमध्ये ‘बायपास ट्रॅव्हर्स चेकिंग’ हा हक्क मुळातच सगळ्यांना दिलेला असतो, म्हणून वरच्या फोल्डरची परवानगी नसली तरी आतल्या फाइलीपर्यंत पोचता येतं आणि आपण त्याचा कधी विचारच करत नाही. लिनक्समध्ये वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर ‘एक्स’, म्हणजे आत शिरायची परवानगी, लागतो. ‘नेमआय -एल’ला पूर्ण पाथ द्या, कुठे अडलंय ते पायरी-पायरीने दिसतं. हे कळलं की ‘सीएचमॉड ७७७’ मारून सगळ्यांना सगळं उघडं करायचा मोह होणार नाही. एसईलिनक्स हे लिनक्सचं सुरक्षेचं कवच बंद करा असं सांगणाऱ्यांचं तर अजिबात ऐकू नका, तुम्ही फायरवॉल बंद ठेवून सर्व्हर चालवला असता का? आणि नोटपॅडमध्ये लिहिलेली स्क्रिप्ट तिकडे नेलीत की ओळीच्या शेवटी विंडोजचं जादा चिन्ह राहतं आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ येतं. ‘डॉस२युनिक्स’ चालवा.

डिस्ट्रो: कंपनीत जे येतंय तेच. रेड हॅट असेल तर त्यांचं वैयक्तिक डेव्हलपर सबस्क्रिप्शन १६ मशीनपर्यंत फुकट आहे, नाहीतर त्याच्याच धर्तीची फुकट मिळणारी अल्मा किंवा रॉकी घ्या. सेंटओएस ७ या डिस्ट्रोवर शिकवणारे जुने कोर्स विकत घेऊ नका, त्याचा सपोर्ट ३० जून २०२४ला संपला. उबुंटू असेल तर एलटीएसच, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी आवृत्ती. विंडोजच्या आतच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलवर शिकू नका. कमांड येतील, पण बूट न होणारं मशीन उठवायची वेळ त्यात येत नाही आणि अ‍ॅडमिनची परीक्षा तिथेच असते. व्हीएम घ्या, त्याचं एफएसटॅब (बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ती यादी) मुद्दाम बिघडवा आणि रेस्क्यू मोडमधून दुरुस्त करा.

सर्टिफिकेट करायचंच तर रेड हॅटचं आरएचसीएसए, कारण ती परीक्षा चालू मशीनवर काम करून द्यावी लागते. पर्याय निवडायच्या परीक्षा तुमच्या वयाला आणि अनुभवाला शोभत नाहीत. महिन्यांचा आकडा मी देणार नाही, कारण तो तुमच्या हातात खरा सर्व्हर कधी पडतो त्यावर आहे. म्हणून आधी अ‍ॅक्सेस मागा, लेखी मागा, आणि कुणी माउसचा विषय काढलाच तर त्याला त्याच्या सर्व्हरचा शेवटचा रिस्टोअर कधी झाला ते विचारा.

हे सगळं सर्व्हर सांभाळलेल्या माणसासाठी लिहिलंय. नुसतं डेस्कटॉप सपोर्ट केलं असेल तर आधी नेटवर्किंग पक्कं करा. कुबरनेटीसकडे, म्हणजे कंटेनर सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे, जायचं असेल तर पुढचा रस्ता बराच वेगळा आहे, त्यावर त्यातल्या माणसाला विचारा. आणि ती लांबी शून्य करायची युक्ती फक्त लॉगसाठी आहे. एलएसओएफमध्ये ‘डिलीटेड’ म्हणून डेटाबेसची फाइल दिसली तर तिला हात लावू नका आणि तो प्रोग्रामही बंद करू नका. आधी /प्रॉकमधूनच तिची कॉपी दुसऱ्या डिस्कवर काढा आणि मग डीबीएला, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्याला, उठवा.