नाळ गळली, तरी बेंबी ओलीच

प्रश्न : मुलगी २४ दिवसांची आहे. नाळ ११व्या दिवशी गळली, पण झबल्याला अजून पिवळसर डाग पडतो. बेंबीच्या तळाशी लालसर गोळी दिसते. हात लावला तरी ती रडत नाही. नाळेचा तुकडा आत राहिला असेल का?

उत्तर : तुकडा नव्हे, वर्णनावरून हा ग्रॅन्युलोमा वाटतो. नाळ गळली की तिथली जखम एक-दोन आठवड्यांत कातडीने झाकली जाते. ते लांबलं तर भरून येणारं मांस गरजेपेक्षा जास्त वाढतं आणि ओलसर, मऊ, लाल कोंब तयार होतो, बहुधा ३ ते १० मिलिमीटरचा. त्यात मज्जातंतू नसतात, म्हणून दुखत नाही. झिरपते ती लस, म्हणजे जखमेतलं पातळ पिवळसर पाणी. कपडा घासला तर रक्ताचा ठिपकाही दिसतो.

तरी एकदा बालरोगतज्ज्ञांना दाखवाच, कारण अशा दिसणाऱ्या सगळ्याच गाठी ग्रॅन्युलोमा नसतात. नेहमीचा उपचार सिल्व्हर नायट्रेटच्या कांडीचा. आधी बेंबी कोरडी करून भोवतालच्या कातडीला पेट्रोलियम जेली लावतात, मग कांडीचं टोक काही सेकंद फक्त कोंबावर टेकवतात. कोंब राखाडी पडतो, पुढे सुकून गळतो. लस नीट टिपली नाही तर औषध तिच्यासोबत शेजारच्या कातडीवर ओघळतं आणि भाजतं. तिथे मात्र बाळाला दुखतं. म्हणून ही कांडी घरी वापरण्याची वस्तू नाही. काळा डाग पडला तर घाबरू नका, तो हळूहळू जातो. एका वेळेत काम झालं नाही तर काही दिवसांनी पुन्हा लावतात.

तोवर डायपरची कड बेंबीच्या खाली दुमडा. आंघोळीनंतर बेंबी मऊ कापडाने टिपा, चोळू नका. पावडर तर नकोच : ओलीत तिचे गोळे होतात.

प्रश्न : साध्या मिठाने हा कोंब जातो म्हणतात. खरं का?

उत्तर : खरं आहे. मीठ कोंबातलं पाणी ओढून घेतं आणि तो आक्रसतो. निदान पक्कं झाल्यावर डॉक्टरांना विचारून करा : खाण्याचं बारीक मीठ, चिमटीत मावेल तेवढंच, फक्त कोंबावर, वर गॉज. १० ते ३० मिनिटांनी कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने सगळं पुसून बेंबी कोरडी करा. दिवसातून दोनदा, ३ ते ५ दिवस. मूठभर मीठ भरून रात्रभर बांधून ठेवणं धोक्याचं आहे. नवजात कातडी सोलवटते आणि मीठ अंगात शोषलं जाऊ शकतं. बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल किंवा बेंबीभोवती लाली असेल तर हा उपाय नकोच.

प्रश्न : तीन वेळा सिल्व्हर नायट्रेट लावून झालं, कोंब तसाच आहे. चौथ्यांदा लावावं का?

उत्तर : आधी निदान पुन्हा तपासून घ्या. गर्भात बेंबीला आतडं आणि मूत्राशय जोडणाऱ्या नळ्या असतात. जन्माआधी त्या बंद व्हायला हव्यात. आतड्याकडच्या नळीचा अवशेष राहिला तर पॉलिप, म्हणजे कोंबासारखीच दिसणारी गाठ, होतो. तो जास्त लालभडक, जरा घट्ट असतो, त्यातून चिकट स्राव येतो, आणि सिल्व्हर नायट्रेटने तो जात नाही. नळी पूर्ण उघडी असेल तर बेंबीतून शौचासारखं पाणी किंवा वायू येतो. मूत्राशयाकडची उघडी असेल तर लघवी झिरपते. अशा वेळी सोनोग्राफी करून बालशल्यचिकित्सकांकडे जावं लागतं. काढलेला तुकडा तपासणीला पाठवायला सांगा.

बेंबीभोवतीची लाली पोटावर पसरू लागली, पू किंवा दुर्गंधी आली, ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त झाला, बाळ दूध ओढेनासं किंवा मलूल झालं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच तासाला रुग्णालय गाठा. हा नाळेच्या जागेचा जंतुसंसर्ग असू शकतो. तो रक्तात पसरतो.