मित्रासोबत विश्वासावर ऑनलाइन धंदा करतोय. लिखापढी कशी मागू?

तुम्ही लिहिलंय, की साड्यांचा ऑनलाइन धंदा दोन वर्षं निम्म्या भागीत चाललाय, कागद एकही नाही आणि करार मागितला तर मित्र दुखावेल. दुखावला तरी मागा.

मी आणि माझा एक मित्र हापूस विकायचो. बाग, पेट्या, पॅकिंग माझ्याकडे. इन्स्टाग्रामचं पेज, व्हॉट्सॲप आणि पैशांचा क्यूआर कोड त्याच्याकडे. कॉलेजपासूनचा मित्र, हिशेब सगळा तोंडी. तिसऱ्या हंगामात, ऐन एप्रिलमध्ये, पैशांवरून शब्दाला शब्द वाढला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेज उघडलं तर लॉगआउट. पासवर्ड टाकला, चालेना. ओटीपी गेला त्याच्या मोबाइलवर. पडवीत पेंढा घालून भरलेल्या साठ पेट्या, आणि कुठली पेटी कुणाच्या पत्त्यावर जायची ते सगळं त्याच्या फोनमध्ये. आंबा कुणासाठी थांबत नाही. चौथ्या दिवशी पेट्या वाशीच्या अडत्याकडे पाठवल्या, मिळेल त्या भावाने.

म्हणून आधी एवढंच बघा: ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? पेज, वेबसाइटचं डोमेन, ईमेल, कुरिअरचं खातं, एकेक तपासा. धंद्यासाठी वेगळं सिम घ्या, पेजवर दोघंही ॲडमिन राहा. ऑर्डरी रोज दोघांना दिसणाऱ्या शीटमध्ये उतरवा.

क्यूआर कोड तुमच्या मित्राच्या बचत खात्याचा असेल तर फर्मच्या नावाने चालू खातं काढू म्हणा, दोघांच्या सहीचं. बँक त्यासाठी भागीदारीपत्र आणि फर्मचं पॅन मागतेच. म्हणजे करार तुम्ही नाही, बँक मागतेय. मित्राला दुखवायचं नसेल तर यापेक्षा सोपी वाट मला दिसत नाही.

तोंडी भागीदारीही कायद्याने भागीदारीच. पण 1932 च्या भागीदारी कायद्याप्रमाणे काही ठरलेलं नसेल तर नफा-तोटा समसमान, भांडवल कुणी कितीही घातलेलं असो. मित्राने धंद्यासाठी उचललेली उधारी सावकार तुमच्या एकट्याकडूनही पुरी वसूल करू शकतो (कलम 25). आणि फर्म नोंदवलेली नसेल तर धंदा चालू असताना करारातल्या हक्कासाठी भागीदारावर दावा लावता येत नाही (कलम 69). तेव्हा नुसत्या स्टॅम्प पेपरवर थांबू नका, फर्मची नोंदणीही करा.

भागीदारीपत्रात एक कलम वकिलाला सांगून घालून घ्या: वेगळं व्हायची वेळ आली तर पेज, उरलेला माल आणि ग्राहकांची यादी कुणाकडे राहील. माझ्या तीन हंगामांच्या गिऱ्हाइकांचे नंबर आजही त्याच्याच फोनमध्ये आहेत.