"एम-सील लावायचं काम" म्हणजे करिअर का?

दादा, नमस्कार. मुलगा आयटीआय फिटर झालाय, साखर कारखान्यात अप्रेंटिस आहे, ऐन गाळपात आयडी फॅनचं (बॉयलरचा धूर ओढून बाहेर टाकणारा पंखा) बेअरिंग शाफ्टवरच फिरून सीट, म्हणजे बेअरिंग बसायची जागा, झिजली तेव्हा बाहेरून आलेल्या दोघांनी धातूची पावडर मिसळलेलं इपॉक्सी लावून शाफ्ट जागेवरच नीट केला, आणि आता पोरगा म्हणतोय मला हेच शिकायचंय. तुम्ही लिहिलंय, "एम-सील लावायचं काम, त्यात कसलं करिअर?" काळजी समजते, पण हे काम दिसतं तेवढं सोपं नाहीये हो.

वेल्ड मारून टर्निंग करायचं तर शाफ्ट काढा, लेथवर न्या, वेल्डच्या उष्णतेनं तो वाकायची भीती, पुढं कडेला क्रॅक जायची भीती, आणि तोवर गव्हाणीपुढं उसाच्या गाड्या उभ्या. इपॉक्सीला ती उष्णता लागत नाही. पण पेस्ट लावणं हे शेवटचं थोडंसं काम, खरी मेहनत त्याच्या आधी असते. जुन्या लोखंडात तेल मुरलेलं असतं, ते गॅसच्या ज्योतीनं बाहेर काढायचं, पुसायचं, परत ज्योत द्यायची, मग ग्राइंडरनं चकचकीत पण खरखरीत करायचं, अॅसिटोननं पुसलं की तिथं बोटसुद्धा लावायचं नाही कारण बोटाचं तेलही पकड घालवतं. मग इपॉक्सीचे दोन भाग, बेस आणि हार्डनर, मापानंच, एकच रंग येईपर्यंत ढवळायचं, आणि दोन तुकड्यांचा साचा शाफ्टच्या न झिजलेल्या भागावरून बरोबर सेंटरला बसवायचा. साच्याला आतून रिलीज एजंट लावायला विसरला तर तो शाफ्टलाच चिकटून बसतो!

आणि नाही म्हणता आलं पाहिजे. शाफ्टला क्रॅक असेल, जागा फार तापणारी असेल तर हा उपाय नाहीच, आधी डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून बारीक क्रॅक शोधायची तपासणी) करून बघायला हवं. हे कळायला मायक्रोमीटर, डायल गेज, बेअरिंग फिट हातात बसलेलं पाहिजे, म्हणजे चांगला फिटर आधी, पॉलिमर (हे इपॉक्सी वगैरे) नंतर.

म्हणून माझं स्पष्ट मत, अप्रेंटिसशिप मधे सोडू देऊ नका. नंतर मेकॅनिकल डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला टाका, आयटीआयवाल्यांना तशी अॅडमिशन मिळते. मटेरियल बनवण्याकडंच ओढ निघाली तर छत्रपती संभाजीनगरला सिपेट, म्हणजे प्लास्टिक-पॉलिमर शिकवणारी केंद्र सरकारची संस्था, आहे, पण मला वाटतं त्याचा जीव साइटवरच्या कामात आहे. डिप्लोमानंतर रिपेअर कंपाउंड विकणाऱ्या कंपन्यांत किंवा त्यांच्या डीलरकडं साइटवर लावून देणारी माणसं लागतात, तिथं अर्ज करायचा.

एक मात्र आत्ताच सांगा, ग्लोव्हजशिवाय हार्डनरला हात नाही, एकदा का कातडीला त्याची अॅलर्जी बसली की हे कामच सोडावं लागतं.

हंगाम संपला की कारखान्यात ओव्हरहॉलिंग निघेल. तो फॅन खोलतील तेव्हा पोराला तिथं उभं राहू द्या, त्या सीटचं माप वहीत लिहून घेऊ दे आणि मला पाठवू दे.